फॅरडे यांचा रविवार



 आपल्या विज्ञानलेखकांपैकी अनेक जण शास्त्रज्ञांची चरित्रं लिहितात. त्या चरित्रांबद्दल एक आग्रह आज मला धरायचा आहे, आणि त्यासाठी मायकेल फॅरडे यांचं स्मरण करायचं आहे.

फॅरडे आपल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहेत. १७९१चा जन्म, वडील लोहार, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणं त्यांनी स्वतः बांधून डेव्हींनाच पाठवली आणि १८१३मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची नोकरी मिळवली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावरच्या एका गुंडाळीत प्रवाह सुरू करताच दुसऱ्या गुंडाळीच्या तारेजवळची चुंबकीय सुई हलली, प्रवाह तोडताच पुन्हा हलली. आजचे जनित्र आणि रोहित्र ज्या तत्त्वावर चालतात, ते त्या दिवशी हाती आलं. हे सगळं आपण अनेकदा लिहिलं आहे. फॅरडे यांचा रविवार मात्र आपल्या लेखनात क्वचितच येतो.

फॅरडे यांचं घराणं सँडेमनियन पंथाचं. स्कॉटलंडमध्ये जॉन ग्लास यांनी सुरू केलेली आणि त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांनी पसरवलेली ही चिमुकली ख्रिस्ती मंडळी. पगारी धर्मगुरू नाही; सभासदांमधूनच निवडलेले वडील उपासना चालवत. रविवारी सकाळी उपासना, मग सर्वांचं एकत्र प्रीतिभोजन, दुपारी पुन्हा उपासना. निर्णय एकमतानेच व्हायचे. धनसंचय वर्ज्य मानलेला. १२ जून १८२१ रोजी फॅरडे यांनी याच मंडळीतल्या एका रुपेकाराच्या मुलीशी, सारा बर्नार्ड यांच्याशी, लग्न केलं आणि महिन्याभरानंतर मंडळीसमोर आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देऊन ते पूर्ण सभासद झाले. पुढे १८४०मध्ये ते स्वतः वडील झाले. प्रवचन करणं, आजारी माणसांच्या घरी जाणं, गरजूंना मदत पोचवणं ही कामं त्यांच्याकडे आली. युरोपभर कीर्ती झालेला माणूस ती मनोभावे करत होता.

नवराबायको रॉयल इन्स्टिट्यूशनच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत, प्रयोगशाळा तळघरात. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण सारा यांच्या दोन भाच्या त्या घरात वाढल्या. लग्नाच्याच वर्षी नाताळच्या दिवशी, पृथ्वीच्या चुंबकत्वाने विद्युतवाहक तार फिरते हे साधलं, तेव्हा फॅरडे यांनी ते बघायला साराला हाक मारली. मेव्हणाही तिथे होता. शोधाचा आनंद सगळ्यात आधी घरच्यांना मिळाला. चाळिशीच्या अखेरीस स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तेव्हा याच घराने त्यांना सांभाळलं. पुढे जगभरच्या संस्थांच्या मानपत्रांचा त्यांनी संग्रह केला, त्यात मध्येच एक पान लग्नाच्या तारखेचं घातलं आणि लिहून ठेवलं की, मान आणि सुख या दोन्हींत ही नोंद बाकी सगळ्यांहून कितीतरी वरची आहे.

इथे कोणी विचारेल, या श्रद्धेचा विज्ञानाशी काय संबंध? याचं उत्तर जपून द्यावं लागतं. निसर्गातल्या सगळ्या शक्तींचं मूळ एक आहे, ही फॅरडे यांची खोल धारणा होती आणि एकाच निर्मात्यावरच्या विश्वासाने तिला बळ दिलं होतं. त्याच धारणेतून त्यांनी गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचं नातं शोधायचं ठरवलं. व्याख्यानगृहाच्या उंच छतापासून तारेची गुंडाळी खाली उशीवर सोडायची आणि पडताना वीज निर्माण होते का ते पाहायचं. कधी सुई हलल्यासारखी वाटे. मग शंका घेऊन कारण शोधलं की दोष मांडणीतलाच निघे. शेवटी त्यांनी निकाल नकारार्थी असल्याचं रॉयल सोसायटीला कळवलं. नातं असणार, ही भावना सुटलेली नाही, पण पुरावा मिळालेला नाही, असं त्यांनी स्वच्छ नोंदवलं. जे खरं ठरावं अशी मनापासून इच्छा आहे, तेच हाती लागत नाही हे जाहीर करायला फार मोठं धैर्य लागतं.

१८५३मध्ये लंडनमध्ये मृतात्मे टेबल फिरवतात या समजाने कहर केला, तेव्हाही हाच माणूस पुढे आला. दोन पातळ फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या ठेवून त्यांनी एक साधन केलं. हात आधी सरकतो की टेबल, हे त्याला जोडलेली लांब काडी दाखवी. हातच आधी सरकत होते, लोकांच्या नकळत. काडी नजरेसमोर ठेवली की टेबल फिरायचं थांबे. फॅरडे यांची श्रद्धा अढळ होती, म्हणून भोळेपणाला त्यांनी तिच्या आड लपू दिलं नाही.

त्यांच्या सँडेमनियन मंडळीने मात्र त्यांना दुखवलंही. १८४४मध्ये इतर काही सभासदांबरोबर त्यांना बाहेर काढलं गेलं. काही आठवड्यांत परत घेतलं, पण वडीलपद पुन्हा मिळायला १८६० उजाडलं. फॅरडे यांनी मंडळी सोडली नाही. त्यांनी सर ही पदवी घेतली नाही, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं, सल्लागारीचा पैसा सोडला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे अंत्यविधी साधा झाला, आणि लंडनमधल्या हायगेट इथल्या त्यांच्या थडग्याच्या दगडावर नाव आणि तारखांखेरीज काही नाही.

मित्रहो, माझा आग्रह एवढाच आहे. शास्त्रज्ञाचं घर आणि त्याची उपासना यांना चरित्रात हक्काची जागा द्या. प्रत्येक शोध श्रद्धेच्या खात्यावर जमा करू नका; श्रद्धा अडचणीची वाटते म्हणून ती गाळूही नका. या दोन्ही चुकांनी वाचकाला अर्धा माणूस मिळतो. आपल्या मुलांना कळायला हवं की सत्याची चाड, पैशाबद्दलची अनासक्ती आणि चूक कबूल करण्याची तयारी प्रयोगशाळेच्या दारात आपोआप मिळत नाही. ती घरात, माणसांत, आठवड्यामागून आठवडा घडत जाते. कुठे घडली, ते शोधून लिहिणं हे आपलं काम आहे. ते आपण नेटाने करू या.