न्यायमूर्ती होस्बेट सुरेश : निवृत्तीनंतरचा न्यायाधीश



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरीही आज एका न्यायमूर्तींबद्दल बोलणार आहे. आमच्या कामात सिस्टिम बंद पडली की आम्ही आधी लॉग उघडतो. कधी, कुठे, काय घडलं, याची नोंद. ती नसेल तर नुसते तर्क उरतात. समाजाचंही तसंच आहे. आपल्यावर काय गुजरलं याची नोंद कोण ठेवतं? न्या. होस्बेट सुरेश यांनी ती ठेवली.

१९२९ साली कर्नाटकातल्या सुरतकलजवळच्या होसबेट्टू गावी त्यांचा जन्म झाला. वकिली मुंबईत केली. पुढे मुंबईच्या शहर दिवाणी व सत्र न्यायालयात न्यायाधीश झाले. १९८० मध्ये राजीनामा देऊन पुन्हा वकिलीकडे वळले. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि जुलै १९९१ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे उच्च न्यायालयात जेमतेम पाच वर्षं. निवृत्तीनंतरची जवळपास २९ वर्षं मात्र त्यांनी लोकांचं म्हणणं ऐकण्यात घालवली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबई पेटली होती. मी तेव्हा पाळण्यात होतो, तुमच्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते. न्या. सुरेश आणि उच्च न्यायालयातलेच दुसरे निवृत्त न्यायमूर्ती सिराज मेहफूझ दाऊद यांनी लोकांच्या साक्षी घेतल्या. 'द पीपल्स व्हर्डिक्ट' हा त्यांचा अहवाल १९९३ मध्येच आला आणि त्याने पोलिसांच्या वागणुकीवर स्पष्ट बोट ठेवलं.

सरकारनेही न्या. श्रीकृष्ण आयोग नेमला होता. त्या आयोगाने मोलाचं काम केलं, पण त्याची वाट पाहा. जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने आयोग गुंडाळला, मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला आणि अहवाल १९९८ मध्ये आला. सरकारने नेमलेला आयोग सरकार बंद करू शकतं. लोकांनी लिहून ठेवलेलं बंद करता येत नाही.

२००२ मध्ये गुजरातसाठी न्या. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांचं न्यायाधिकरण बसलं. त्यात न्या. पी. बी. सावंत यांच्यासोबत न्या. सुरेशही होते. दोन हजारांहून अधिक तोंडी आणि लेखी साक्षी तिथे नोंदल्या गेल्या.

आता तुम्ही विचाराल, अशा अहवालाने शिक्षा कुणाला झाली? प्रश्न रास्त आहे. लोकांच्या न्यायाधिकरणाला समन्स काढता येत नाही, शिक्षा देता येत नाही. नोंद म्हणजे न्याय नव्हे. पण नोंदच नसेल, तर उद्या 'असं काही घडलंच नाही' म्हणणाऱ्याला आपण काय दाखवणार?

आणखी एक गोष्ट. सुरेश साहेब फक्त मुसलमानांसाठी उभे राहिले नाहीत. १९९१ मध्ये कावेरी पाणीप्रश्नावरून बंगळुरूत तमिळ लोकांवर हल्ले झाले, त्याचीही चौकशी त्यांनी केली. मुंबईत झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा बेघर झालेल्यांचं ऐकलं. जो सोसतो त्याची जात-धर्म त्यांनी विचारली नाही. आपण? शेजारच्या दलित वस्तीवर बुलडोझर आला तर आपण जातो का? की फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतं रडतो?

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. अन्याय झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर संताप फॉरवर्ड करण्याआधी कागद घ्या. तारीख, वेळ, ठिकाण, पाहणाऱ्यांची नावं लिहा. ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं ठेवा. तक्रार दिली तर एफआयआरची प्रत मागा. तक्रारदाराला ती मोफत मिळते, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. यासाठी वकिलीची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

जून २०२० मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी सुरेश साहेब गेले. त्यांना श्रद्धांजली म्हणून हार नकोत. प्रत्येक मोहल्ल्यात एक वही आणि ती प्रामाणिकपणे लिहिणारी दोन मुलं-मुली, एवढं झालं तरी पुष्कळ.