शिक्षकाच्या हातातील साधन : चेन्नईचा अनुभव

(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी शाळांचा विषय निघाला की राज्यकर्त्या वर्गाचे प्रवक्ते एक वाक्य हटकून उच्चारतात : शिक्षकांचा दर्जा घसरला आहे. हा दर्जा उंचावण्यासाठी मग प्रशिक्षणवर्ग भरवले जातात, मार्गदर्शिका छापल्या जातात, साहित्यपेट्या वाटल्या जातात आणि अलीकडे तर मोबाइलवर चित्रफिती धाडल्या जातात. या साऱ्या खटाटोपात एक साधा प्रश्न विचारला जात नाही. शिकवण्याचे साधन तयार कोण करतो आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे असतो? कारखान्यात यंत्र कोणाचे, हा प्रश्न कामगारवर्गाने फार पूर्वी विचारला. शाळेच्या बाबतीत तो विचारायचा झाल्यास चेन्नईइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

२००३ हे वर्ष घ्या. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात तमिळनाडूतील सरकारी कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. निवृत्तिवेतनाचे व इतर मिळवलेले हक्क काढून घेतले जात होते, त्याविरुद्धचा हा संप होता. जयललिता सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा वरवंटा फिरवला आणि सुमारे पावणेदोन लाख लोकांना एका फटक्यात बडतर्फ केले. कामगार चळवळीतील नेते टी. के. रंगराजन यांच्या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ ऑगस्ट २००३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिकही अधिकार नाही. बहुसंख्यांना बिनशर्त माफीनामा आणि चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून देऊन कामावर परतावे लागले.

त्याच वर्षी, त्याच शहरात, महापालिकेच्या तेरा प्राथमिक शाळांत एक वेगळा प्रयोग सुरू झाला. एकीकडे शिक्षकाकडून माफीनामा घेतला जात होता आणि दुसरीकडे शिक्षणाची पद्धतच नव्याने घडवण्याचे काम शिक्षकाच्या हाती दिले जात होते. या दोन घटना एकत्र सांगण्याचा प्रघात नाही. शिक्षणतज्ज्ञांच्या अहवालांत पहिली घटना नसते आणि चळवळीच्या इतिहासात दुसरी नसते. पण शिक्षक तोच होता.

महापालिकेचे तत्कालीन आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी वेल्लोर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असताना वेठबिगारीतून सोडवलेल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न जवळून पाहिला होता. शाळेची सवय नसलेले मूल ठरावीक वेगाने पळणाऱ्या वर्गात टिकत नाही, हे तेथे उघड झाले होते. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली येथे पद्मनाभ राव आणि रमा या दांपत्याने खेड्यांतील एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची पद्धत विकसित केली होती. तिचे मूळ आणखी मागे जाते : कोलार जिल्ह्यात डेव्हिड हॉर्सबर्ग यांनी १९७२ साली सुरू केलेल्या नील बाग शाळेपर्यंत. चेन्नईच्या शिक्षकांच्या तुकड्या ऋषी व्हॅलीला गेल्या, तेथील वर्ग त्यांनी पाहिले आणि परत येऊन तमिळनाडूच्या अभ्यासक्रमाची लहान लहान पायऱ्यांत फोड केली. कार्डे त्यांनीच लिहिली. प्रयोगाचे खरे मर्म या एका गोष्टीत आहे.

या पद्धतीला तमिळमध्ये ‘सेयल्वळि कट्रल’, म्हणजे कृतीतून शिकणे, असे नाव आहे. तिच्या वर्गात गेल्यास प्रथम नजरेत भरते ती बाकांची अनुपस्थिती. मुले चटयांवर गोल करून बसतात आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर जमिनीवर बसतो. ज्या समाजात खुर्ची ही सत्तेची खूण आहे, तेथे ही लहान बाब नव्हे. भिंतीवर प्रत्येक विषयाची ‘शिडी’ टांगलेली असते. तिच्या पायऱ्यांवर चित्रखुणा असतात आणि त्याच खुणांची कार्डे खालच्या खणांत रचलेली असतात. मूल शिडीवर आपली जागा शोधते, कार्ड काढते आणि आपल्या गटात जाऊन बसते. काही गटांना शिक्षकाची पूर्ण मदत असते, काहींना थोडी. काही गटांत मुलेच एकमेकांना शिकवतात, कोठे मूल एकटे काम करते, कोठे स्वतःची परीक्षा घेते. भिंतीच्या तळाशी, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर, फळा रंगवलेला असतो आणि त्यात प्रत्येकाची स्वतंत्र जागा असते. वर दोऱ्या बांधून त्यांवर मुलांची चित्रे लटकवलेली असतात. चार इयत्तांची मुले एका खोलीत बसू शकतात. आजारपणामुळे किंवा आईबापांबरोबर कामावर गेल्यामुळे आठ दिवस गैरहजर राहिलेले मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला नसतो. शिडीवरची त्याची पायरी तेथेच असते.

झोपडपट्टीतील मुलांच्या दृष्टीने या शेवटच्या गोष्टीचे मोल किती, हे येथे जमलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

तेरा शाळांतून हा प्रयोग महापालिकेच्या सर्व प्राथमिक शाळांत गेला. पुढे विजयकुमार सर्व शिक्षा अभियानाचे राज्य प्रकल्प संचालक झाले आणि २००७-०८ पर्यंत ही पद्धत राज्यातील सुमारे ३७ हजार शाळांत पोहोचली. या वेगाचे जगभर कौतुक झाले. कौतुकास तो पात्रही होता. सरकारी शाळांच्या बाहेर नव्हे तर सरकारी शाळांतच, सरकारी शिक्षकांकडून एवढा मोठा बदल घडू शकतो, हे त्याने दाखवून दिले. खासगीकरणाच्या भाटांना याहून चोख उत्तर नाही.

परंतु येथेच साधनाचे रूप पालटले. चेन्नईच्या शिक्षकाने कार्ड लिहिले होते. पुढच्या हजारो शिक्षकांना ते छापून मिळाले. पहिल्याला त्यातील प्रत्येक पायरीचे कारण ठाऊक होते; दुसऱ्याला पायऱ्यांचा क्रम पाळण्याचा आदेश होता. छापणे हा दोष नव्हे. एका शिक्षकाने चार इयत्तांची सर्व कार्डे हाताने करावीत, अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे वेठबिगारीच होय. प्रश्न परतीच्या वाटेचा आहे. राजधानीत छापलेले एखादे कार्ड दूरच्या खेड्यातील मुलांना समजत नसेल, तर ते बदलण्याचा अधिकार तेथील शिक्षकाला असतो का? गट साधन केंद्रातील शिक्षक-प्रशिक्षक वर्गात येतो तो मदतीला की तपासणीला? ज्याने कधीकाळी स्वतः वर्ग घेतला, त्याच्या हातात तक्ता आणि रकाने दिले की तो सहकारी राहत नाही, निरीक्षक बनतो. हा माणसांचा दोष नसून रचनेचा आहे. विचार करणारे वर आणि राबणारे खाली, ही भांडवली उत्पादनाची विभागणी साधन केंद्राच्या दारातून शाळेत शिरते.

हा रोग नवा नाही. १९५९ मध्ये याच मद्रास राज्यात ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने इंग्रजी शिकवणाऱ्या सुमारे २७ हजार प्राथमिक शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण देण्याची मोहीम हाती घेतली गेली. थोड्यांना शिकवायचे, त्यांनी इतरांना, त्यांनी आणखी इतरांना. इंग्रजांनी तिला ‘मद्रासचा हिमगोळा’ म्हटले. मद्रासमध्ये हिम! उपमेतच गोम आहे. उतारावरून घरंगळणारा गोळा मोठा होत जातो. प्रशिक्षण मात्र प्रत्येक पायरीवर वितळते. आजही दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून केंद्राकडे असेच पाणी येते.

महाराष्ट्रातील शिक्षकाला यात आपले प्रतिबिंब दिसेल. १९३९ साली मारिया मॉन्तेस्सोरी मद्रासला अड्यार येथे आल्या आणि तेथे शेकडो शिक्षकांना त्यांनी आपली पद्धत शिकवली. पण त्या पद्धतीची साधने महाग होती. याच विचाराची बालशिक्षणाची कास धरलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या व पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा त्यांनी शिंपल्या, बिया, पाने, खडे आणि माती यांतून शिकवण्याचे साहित्य उभे केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. (१९४५ मध्येच त्या परिसरातील वारली शेतमजूर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या झेंड्याखाली वेठीविरुद्ध उभे राहिले होते. मार्ग निराळे होते, पण मुलाला शाळेत यायचे तर त्याच्या बापाची वेठ सुटावी लागते.) अलीकडे सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या शिक्षकांनी आपल्या शाळांत ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. त्यानंतर अनेक शाळांच्या फरशा रंगल्या; पण ज्या चर्चेतून कुमठ्याची फरशी रंगली होती, ती चर्चा परिपत्रकाबरोबर पाठवता येत नाही. दर महिन्याची केंद्रातील शिक्षण परिषद वास्तविक त्यासाठीच आहे. तिचा निम्मा वेळ माहिती भरण्याच्या सूचनांत जातो, हे कोणाला नवे नाही.

तमिळनाडूत पुढे कार्डांची जागा नव्या योजनांनी घेतली. जून २०२२ मध्ये ‘एण्णुम् एळुत्तुम्’ ही अंक-अक्षरांची मोहीम सुरू झाली. मुलांचे अरुंबु, मोट्टु, मलर असे, म्हणजे कळीपासून फुलापर्यंतचे, तीन स्तर आणि शिक्षकांसाठी तपशीलवार हस्तपुस्तिका. पद्धत बदलली, पण शिक्षकाला आधार देणारी यंत्रणा, गट साधन केंद्रे आणि त्यांतील प्रशिक्षक, समग्र शिक्षा योजनेच्या पैशावर उभी होती. त्यातील साठ टक्के केंद्राने आणि चाळीस टक्के राज्याने द्यायचे असतात. ‘पीएम श्री’ करारावर सही करून नवे शैक्षणिक धोरण स्वीकारण्यास तमिळनाडूने नकार दिला, तेव्हा केंद्राने २०२४-२५ चा सुमारे २,१५२ कोटी रुपयांचा वाटा अडवून धरला. मे २०२५ मध्ये राज्याला सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करावा लागला. भाषेच्या व धोरणाच्या वादात शिक्षकाच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसाचा पगार ओलीस ठेवला गेला.

आणि आता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्र व तमिळनाडू या दोन्ही राज्यांतून गेलेल्या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक आहे, अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. ज्यांची मुदत त्याहून कमी आहे त्यांना राहता येईल, पण बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. म्हणजे २००३ मध्ये चटईवर बसून ज्या तरुण शिक्षिकेने कार्ड लिहिले, आणि ज्या कार्डावरून पुढे राज्यभरची मुले शिकली, तिचा जन्म थोडा उशिरा झाला असेल तर बावीस वर्षांनंतर तिला बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेसमोर बसून आपल्याला शिकवता येते हे सिद्ध करायचे आहे. परीक्षेला विरोध म्हणजे गुणवत्तेला विरोध, असा कांगावा होईल. गुणवत्तेची काळजी असेल तर सेवेतील शिक्षकाला शिकण्यासाठी पगारी वेळ द्या, साधन केंद्रांतील रिक्त जागा भरा, आणि वर्गात न चालणारे साहित्य बदलण्याचा अधिकार केंद्राच्या परिषदेला लेखी द्या. या तीन मागण्या दोन्ही राज्यांतील संघटना एकत्र मांडू शकतात. न्यायालयाने दिलेली मुदत ऑगस्ट २०२७ अखेर पुरी होते, आणि तोवर केंद्रांच्या मासिक परिषदा ठरल्याप्रमाणे भरतच राहणार आहेत. पुढच्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय शिक्षकांनी स्वतः लिहून द्यायचा आहे.