हरलेल्या दुरुस्त्या

आपला आमदार किंवा खासदार चांगला की वाईट, हे आपण कशावरून ठरवतो? आमच्या पातुरात मी जे ऐकत आलो ते असे : रस्ता झाला का, लग्नाला आला होता का, दवाखान्यात माणूस भरती होता तेव्हा फोन उचलला का. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणणार नाही. अडल्या वेळी फोन उचलणारा माणूस मोलाचाच असतो. पण सभागृहात उभे राहून बोलणे, हे ज्या कामासाठी आपण त्याला निवडून पाठवतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. आणि तो विषय काढलाच तर उत्तर ठरलेले असते, "नुसतं बोलून काय होते जी?"

मी बरीच वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. हाच प्रश्न वर्गातली मुले वेगळ्या शब्दांत विचारत. सरकारकडे बहुमत आहे, मग मागच्या बाकावरचा एकटा सदस्य बोलून करणार काय? मी त्यांना वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेल्या दोन सदस्यांची हकिगत सांगत असे. दोघांच्याही दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. तीच आज आपल्याला सांगतो.

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. काम दोन वर्षे, अकरा महिने आणि काही दिवस चालले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हा आकडा ऐकला की मुले चकित होत. घटना म्हणजे एका माणसाने एका बैठकीत लिहून काढलेला ग्रंथ, अशी त्यांची समजूत असे. प्रत्यक्षात एकेका शब्दावर कोणीतरी मागून उठून हरकत घेत होते, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या हरकतींना उत्तरे देत होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी समारोपाचे भाषण केले. त्यातला लोकशाहीबद्दलच्या इशाऱ्याचा भाग सर्वांना माहीत असतो. पण त्याच भाषणात त्यांनी काही सदस्यांचे नाव घेऊन आभार मानले आहेत. पक्षाची शिस्त सगळ्यांनीच काटेकोर पाळली असती तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती, सुदैवाने काही बंडखोर होते, असे ते म्हणाले. ती नावे अशी : कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना आणि पंडित ठाकूरदास भार्गव. त्यांच्या जोडीने प्रा. के. टी. शहा आणि पंडित हृदयनाथ कुंझरू. यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, ते नसते तर घटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मला मिळाली नसती, असाही त्या भाषणाचा आशय आहे. ज्याने वाद जिंकला त्याने हरलेल्यांचे आभार इतक्या मोकळेपणाने मानल्याचे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही.

या यादीतले पंजाबराव आपले, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. १९५२ नंतर केंद्रात शेतीखाते सांभाळणारे पंजाबराव आपल्याला ठाऊक असतात, पण घटना समितीत ते मंत्री नव्हते, साधे सदस्य होते. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर ते असे बोलले की सभागृहात मोठा वाद झाला. या मसुद्याने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. प्रवासात मुंबई बंदरात काही तास थांबलेल्या बाईला तिथे मूल झाले, तर आईबाप कोण हे न पाहता ते मूल भारतीय ठरेल, असे उदाहरण त्यांनी दिले. त्यांच्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट होती : दुसऱ्या कुठल्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला भारताचे नागरिक होण्याचा हक्क असावा. नागरिकत्व धर्माला बांधण्याची ही कल्पना मला स्वतःला पटत नाही. नेहरूंनी तिला विरोध केला, आणि सभागृहाने ती नाकारली.

प्रश्न मात्र तिथे संपला नाही. १९५५ च्या कायद्याने भारतात जन्मलेल्याला जवळजवळ सरसकट नागरिकत्व दिले. १९८६ च्या दुरुस्तीने आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा अशी अट घातली, २००३ मध्ये ती आणखी कडक केली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने, तीन शेजारी देशांतून आलेल्यांपुरता का होईना, धर्माचा उल्लेख कायद्यात आणला. त्यावर देशभर वाद झाला. तो ज्यांना नीट समजून घ्यायचा आहे, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, त्यांना पंजाबरावांचे ते भाषण आणि त्याला मिळालेली उत्तरे वाचावी लागतात.

दुसरे सदस्य काझी सय्यद करिमुद्दीन. मध्यप्रांत-वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेले. त्यांचे नाव बाबासाहेबांच्या त्या यादीत नाही, आणि आज आपल्या भागातही फारसे कोणी घेत नाही. दिवस फाळणीनंतरचे. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत. अशा वेळी डिसेंबर १९४८ मध्ये, मसुद्यातल्या कलम १४ वर, म्हणजे आजच्या कलम २० वर, ते दुरुस्ती घेऊन उभे राहिले. विषय होता घरझडती. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती किंवा जप्ती होऊ नये. सबळ कारण शपथेवर सांगितल्याशिवाय वॉरंट निघू नये, आणि कोणती जागा तपासायची, काय जप्त करायचे, हे त्यात नेमके लिहिलेले असावे. शब्द अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीवरून घेतलेले होते.

या सूचनेला आधीचा इतिहास होता. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे असेच कलम आले होते. बाबासाहेबांनी स्वतः दिलेल्या मसुद्यातही ते होते. उपसमितीने ते मान्य केले, पण बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली. दर वेळी वॉरंटासाठी थांबायचे तर पोलिसांचा तपास अडेल, असे त्यांचे म्हणणे. सल्लागार समितीत कलम गळाले. करिमुद्दीन यांनी बंद खोलीत गळालेली गोष्ट पुन्हा भर सभागृहात आणली.

आणि बाबासाहेब म्हणाले, मी ही दुरुस्ती स्वीकारायला तयार आहे. यातली तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण उद्याचे कायदेमंडळ ती काढून टाकू शकेल. व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ती इतकी महत्त्वाची आहे की तिला कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे बरे. इतका स्पष्ट पाठिंबा असूनही मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, मतदान पुढे ढकलले गेले, आणि नंतर ती दुरुस्ती फेटाळली गेली.

मुले इथे हमखास विचारत, "मग सर, काय उपयोग झाला?"

उपयोग व्हायला वेळ लागला. आधी तर उलटेच घडले. १९५४ मध्ये एका उद्योगसमूहावरील झडतीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. आठ न्यायाधीशांनी सांगितले की अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनाकारांनी घटनेत घातलेला नाही, तो आम्ही ओढूनताणून आणू शकत नाही. १९६२ मध्ये खडकसिंग नावाच्या माणसाचा खटला झाला. दरोड्याच्या आरोपातून तो सुटला होता, तरी उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या दारात येत. न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी रद्द ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे बहुमताने म्हटले.

पुढे आधारच्या प्रकरणात सरकारने याच दोन निकालांचा आधार घेतला, म्हणून नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि जुने दोन्ही निकाल तेवढ्यापुरते रद्द केले. त्या निकालपत्रात घटना समितीतल्या या चर्चेचा ऊहापोह आहे. करिमुद्दीन यांची दुरुस्ती शब्दशः दिली आहे, बाबासाहेबांचा पाठिंबाही आहे. घटनाकारांनी खासगीपणाचा हक्क जाणूनबुजून नाकारला असे या चर्चेवरून म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्या दिवशी सभागृहात कोणी उठलेच नसते, तर न्यायालयापुढे उपसमितीचे कागद तेवढे उरले असते.

बाबासाहेबांनी व्यक्त केलेली भीती अगदी व्यवहारातली होती. १८९८ ची संहिता जाऊन १९७३ ची आली, तीही जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडतीचे चित्रीकरण करावे अशी चांगली तरतूद तिच्यात आहे. पण जे साध्या कायद्याने येते ते साध्या कायद्याने जाऊही शकते. झडतीच्या वेळी पंच म्हणून गावातल्याच दोघांना बोलावतात, त्यामुळे हा विषय दिल्लीचा आहे असे समजू नका.

आजच्या आमदाराच्या हातीही साधने थोडी नाहीत. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, अशासकीय विधेयक आहे. समित्यांचे काम तर कॅमेऱ्याबाहेर चालते, म्हणून दिसत नाही. लोकलेखा समितीपुढे खात्याच्या सचिवाला साक्षीला यावे लागते. आश्वासन समिती नावाची एक समिती आहे. मंत्री सभागृहात "चौकशी करू", "तपासून पाहू" म्हणतात, त्याचे पुढे काय झाले हे ती विचारते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पिण्याच्या पाण्याची किती आश्वासने मिळाली, हे मी सांगायला नको. त्यातले सभागृहात दिलेले कोणते आणि प्रचारसभेतले कोणते, हा फरक आपण करत नाही. सभागृहातल्या आश्वासनाची नोंद असते, आणि तिचा पाठपुरावा करणारा आमदार फलकावर दिसत नाही.

घटना समितीच्या चर्चेचे बारा खंड आहेत. पूर्वी ते मोठ्या ग्रंथालयातच मिळत, आता इंटरनेटवर वाचता येतात. करिमुद्दीन यांची दुरुस्ती सातव्या खंडात, डिसेंबर १९४८ च्या पानांत सापडेल. पंजाबरावांचे नागरिकत्वावरचे भाषण नवव्या खंडात, आणि बाबासाहेबांनी आभार मानलेले भाषण अकराव्यात. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवा आणि एका दिवसाचीच चर्चा वाचा. सुरुवात सातव्या खंडापासून केलेली बरी.