वावरात निघालेला दगड

आर्वीच्या बाजूनं खाली येणारी धाम नदी पवनारला पोचते, तिथल्या एका शेताबद्दल आज बोलायचं आहे.

1938 साली विनोबा पवनारला राहायला आले, ते ढासळलेली प्रकृती सुधारावी म्हणून. रोज थोडं थोडं खणायचं, असा त्यांनी नेम धरला. त्या खणण्यात कुदळीला दगड लागू लागले. माती पुसली तर त्यावर माणसं कोरलेली! एका शिळेवर दोघांची भेट होती. विनोबांनी ओळखलं, हे राम आणि भरत. त्याआधी सहा वर्षं, 1932 मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना ते म्हणून गेले होते, की या भेटीचं चित्र कुणीतरी काढावं. साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरून घेतली. आणि ते चित्र पवनारच्या मातीत दगडावर आधीच कोरलेलं होतं! विनोबांना काय वाटलं असेल, या विचारानं मला आजही भरून येतं. ती शिळा विनोबांच्या तिथल्या आश्रमात स्थापन झाली, तिची पूजा सुरू झाली.

पण कोडं तिथून पुढे सुरू होतं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ही शिल्पं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ठरवली. त्यांत रामकथा पाहिली आणि पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. नंतरच्या काही अभ्यासकांना त्याच शिळांवर कृष्णकथा दिसते. हान्स बाकर यांच्यासारखे संशोधक तर प्रवरपूर रामटेकजवळच्या मनसरला होतं, असं म्हणतात.

वाद मिटत नाही, कारण कोणता प्रसंग आहे, हे या शिळांवर कोरलेलं नाही. अशा वेळी सांगू शकते ती भोवतालची माती. दगड किती खोल होता, पालथा होता की उभा, शेजारी विटा होत्या की खापरं, हे कळलं तर मंदिर कुठं होतं, कोणती शिळा कोणत्या शिळेला लागून होती, याचा अंदाज बांधता येतो. पवनारला डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी शास्त्रीय उत्खनन केलं ते 1967 मध्ये. शिळा तर कितीतरी आधीच मातीबाहेर आल्या होत्या, त्यामुळे मातीची ती साक्ष निसटली. विनोबांना यात बोल लावता येणार नाही. ते शेत खणत होते, आणि मिळालं ते त्यांनी जिवापाड जपलं.

आर्वीकरांनो, वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूर आहे. तिथंही उत्खननं झाली आहेत. हा सगळा पट्टाच जुन्या वस्तीचा. तेव्हा नांगराला कोरीव दगड अडला, तर तो लगेच उपटून देवळात नेऊ नका, घासू नका, शेंदूर तर मुळीच लावू नका. आहे तसा असतानाच मोबाईलवर फोटो काढा, खोली मोजा, धुऱ्यापासूनचं अंतर लिहून ठेवा. मग तहसील कार्यालयात कळवा. पेरणी चार दिवस पुढे गेली तरी चालेल.