डिस्चार्जनंतरचा रुग्ण

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जण पुढे हृदयाच्या शस्त्रक्रिया कराल, काही जण यकृत प्रत्यारोपणाच्या टीममध्ये जाल. बरेच जण तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस कराल आणि दूरच्या शहरात दुसऱ्याच कुणीतरी ऑपरेशन केलेले रुग्ण तुमच्या दारात येतील. तुम्हा सगळ्यांशी मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. टाके निघाले, बिल भागलं, रुग्ण घरी गेला. त्यानंतर त्याचं काय झालं?

हा प्रश्न वैद्यकशास्त्रानं पहिल्यापासून विचारला असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालेलं नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड ठेवायला सुरुवात केली. तक्रार काय होती, निदान काय केलं, कोणतं ऑपरेशन झालं, नंतर कोणता त्रास उद्भवला, आणि किमान एक वर्षानं रुग्ण कसा आहे, एवढंच त्या कार्डावर लिहायचं. वर्षानंतरची नोंद चांगली नसेल तर कारण लिहायचं: कौशल्य कमी पडलं, निर्णय चुकला, काळजी किंवा साधनं अपुरी होती, की आजारच आवाक्याबाहेरचा होता. सर्जनची बढती ज्येष्ठतेवर न होता अशा नोंदींवरून व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. तो मानला गेला नाही, तेव्हा १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी स्वतःचं एक छोटं रुग्णालय काढलं होतं. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या बाबतीत १२३ चुका झाल्या, असं कॉडमननी स्वतःच्या खर्चानं छापून जाहीर केलं. हा आकडा मी अनेकदा वाचला आहे आणि दरवेळी त्या माणसाबद्दलचा आदर वाढतो. असं करायला कोणत्याही कायद्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. तुमच्या रुग्णालयात पुढच्या काळात सर्वांत जास्त गरज अशा माणसाची असेल, आणि त्याला सर्वांत जास्त त्रासही होईल.

नुसतं "रुग्णाला बरं वाटतंय" एवढं लिहून मात्र भागत नाही. १९५०च्या दशकात अंजायनासाठी छातीच्या आतल्या बाजूची मॅमरी धमनी बांधून टाकायची शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती. रुग्णांच्या छातीतलं दुखणं कमी व्हायचं आणि सर्जन समाधानी असायचे. सिएटलच्या लिओनार्ड कॉब यांनी १७ रुग्ण घेतले. काहींची धमनी बांधली, काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन्ही गटांना आराम पडला, आणि तो जवळपास सारखाच होता. त्यांचा निबंध १९५९ साली छापून आला आणि ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. रुग्णांना पूर्ण कल्पना न देता केलेल्या अशा प्रयोगाला आजची एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण तुलना नसेल तर प्रामाणिक डॉक्टरसुद्धा स्वतःची फसगत करून घेऊ शकतो, हे त्या १७ जणांनी शिकवलं.

तुलना हाताशी असूनही तिचा उपयोग होत नाही, असंही घडतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया व्हायच्या. तिथले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांच्या लक्षात आलं की इथे मुलं इतर ठिकाणांपेक्षा जास्त दगावत आहेत. त्यांनी आकडे गोळा केले आणि वरिष्ठांना दाखवले, पण शस्त्रक्रिया चालूच राहिल्या. पुढे बोल्सिन ऑस्ट्रेलियाला निघून गेले. प्रोफेसर इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि २००१ साली अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालच्या मुलांमध्ये, तशाच इतर केंद्रांच्या तुलनेत, ३० ते ३५ मृत्यू जास्त झाल्याचा निष्कर्ष त्यात आहे. त्या अहवालातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्रिस्टलमध्ये माहितीची कमतरता नव्हती. शंका यावी इतकी माहिती आधीच्या काही वर्षांपासून होती. ती पाहून थांबणं, ही कुणाचीच जबाबदारी ठरलेली नव्हती.

जवळपास त्याच काळात अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांमधल्या बायपास करणाऱ्या रुग्णालयांनी वेगळी वाट धरली. १९८७ पासून त्यांनी आपल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. प्रत्येक केंद्राला त्याचे आकडे दिले. मग सर्जन, भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट आणि नर्सेस एकमेकांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन उभे राहिले आणि तिथे काय वेगळं करतात ते पाहून आले. पेपरात नावं छापून कुणाला धारेवर धरलं नाही. तरीही अपेक्षेच्या तुलनेत बायपासनंतरचे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले. याच सुमारास न्यूयॉर्क राज्यानं रुग्णालयनिहाय निकाल जाहीर करायला घेतले आणि तिथेही मृत्यू घटले, पण जोखमीचे रुग्ण टाळले जातात का यावर मोठा वाद झाला. दोन्हींतून निवड करायची तर मी पहिली वाट निवडेन. सहकाऱ्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नम्रपणे उभं राहण्यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं यादीतला आपला क्रमांक वाचून मिळत नाही.

यकृत प्रत्यारोपणाचा तर सगळा इतिहासच या प्रश्नाच्या जोरावर पुढे सरकला. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या मुलावर पहिलं मानवी यकृत प्रत्यारोपण केलं. मूल टेबलावरच रक्तस्रावानं गेलं. त्या वर्षातले पुढचे रुग्णही काही दिवसच जगले. स्टार्झल यांनी ते सगळं तपशीलवार छापलं, ऑपरेशन थांबवलं, प्रयोगशाळेत परतले आणि १९६७ साली पुन्हा सुरुवात केली. त्यानंतरही बरीच वर्षं पहिलं वर्ष पार करणारे रुग्ण तीनांत एकाच्या आसपासच होते. सायक्लोस्पोरिन आल्यावर हे चित्र पालटलं. प्रत्येक रुग्णाची, प्रत्येक मृत्यूची नोंद हाताशी होती, म्हणूनच ते पालटलं असं छातीठोकपणे म्हणता आलं.

आपल्याकडेही प्रत्यारोपणाचं धाडस झालं होतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्याआधी या टीमनं कुत्र्यांवर असे १०० प्रयोग करून ते प्रसिद्ध केले होते. पुढे मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश आलं.

पुढचा प्रश्न होता, मेंदूमृत दात्याचं यकृत मिळालं तर ते आधी कुणाला द्यायचं? अमेरिकेत पूर्वी प्रतीक्षायादीत किती दिवस काढले याला फार वजन होतं. मूळचे भारतातले, मेयो क्लिनिकचे पॅट्रिक कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन या तीन साध्या तपासण्यांवरून पुढच्या तीन महिन्यांत रुग्ण दगावण्याची शक्यता मोजणारा मेल्ड स्कोअर बसवला. फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत त्यावर वाटप होऊ लागलं. जो जास्त आजारी, त्याला आधी. इतकं न्याय्य दिसणारं गणित! पण नोंदी चालू राहिल्या म्हणून दिसलं की यादीत ताटकळत बायका पुरुषांपेक्षा जास्त मरत आहेत. स्त्रियांच्या अंगात स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसतं. मूत्रपिंड तितकंच बिघडलेलं असलं तरी स्कोअर कमी भरतो आणि बाई यादीत मागे पडते. २०२३ साली अमेरिकेत लागू झालेल्या मेल्ड ३.० मध्ये स्त्रियांसाठी वाढीव गुण आले. तोपर्यंत २१ वर्षं गेली होती.

बायकांचा विषय निघालाच आहे तर आपल्या देशाबद्दल बोललं पाहिजे. भारतात बहुतेक यकृतं जिवंत दात्याकडून येतात, आणि जिवंत दात्यांमध्ये बायका पुरुषांहून कितीतरी जास्त आहेत. नवऱ्यासाठी बायको, लेकरासाठी आई. यकृताचा उजवा भाग दिला तर निम्म्याहून अधिक यकृत जातं. उरलेलं काही आठवड्यांत वाढतं हे खरं, पण पोटावर मोठा व्रण असतो, पित्त गळण्याचा धोका असतो, आणि क्वचित दाता दगावतो. ज्याला यकृत मिळालं त्याची फाइल जाडजूड होत जाते. दर भेटीला त्याची रक्ततपासणी होते, टॅक्रोलिमसची पातळी पाहिली जाते. शेजारच्या खुर्चीवर पदर सावरत बसलेल्या त्याच्या बायकोला, "ताई, तुम्ही कशा आहात? ओझं उचलता येतं का? पुन्हा कामावर गेलात का?" हे कितीदा विचारलं जातं? ती आजारी नव्हती. आपण तिला रुग्ण केलं. तिची नोंद आयुष्यभर ठेवणं हे तिचं आपल्याकडे येणं आहे.

व्हॉल्व्ह बदललेल्या रुग्णांचंही तसंच आहे. संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेली तरुण मुलगी, धातूचा व्हॉल्व्ह बसवून गावी परतते. सर्जनच्या वहीत हे यश आहे. तिच्या पिशवीत मात्र वॉरफरिनच्या गोळ्या आणि आयएनआरची छोटी डायरी आहे. तपासणी जिल्ह्याच्या गावी होते आणि जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मेडिकलवाला पाचऐवजी दोन मिलिग्रॅमची गोळी देतो. श्रावणात पालेभाज्या भरपूर खाल्ल्या की आयएनआर उतरू शकतो. लग्न ठरतं, दिवस राहतात आणि ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. डायरीतली शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची निघाली तर त्या व्हॉल्व्हवर गुठळी धरायला वेळ लागत नाही. तुमच्यापैकी तालुक्याला जाणाऱ्यांनो, ती डायरी मागून बघा. तिचा जीव वाचण्याची शक्यता ऑपरेशन करणाऱ्या सर्जनपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

एमडी-एमएसच्या थिसिसबद्दलही थोडं बोलतो. समजा १०० रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. वर्षानं ७० जण फॉलोअपला आले, त्यांतले ६३ ठीक होते. आपण लिहितो, यश ९० टक्के, आणि खाली बारीक अक्षरात, ३० रुग्ण संपर्काबाहेर. त्या ३० जणांतले काही इतके बरे असतील की त्यांना यावंसं वाटलं नाही. काहींकडे एसटीच्या भाड्याला पैसे नसतील, आणि काही वारले असतील. ते सगळे वारले असतील तर यश ६३ टक्के आणि सगळे ठीक असतील तर ९३ टक्के. या दोन आकड्यांमधलं सत्य फोन केल्याशिवाय, आशाताईला विचारल्याशिवाय, ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद पाहिल्याशिवाय कळणार नाही. हे कष्टाचं काम आहे आणि त्यासाठी पेपरात नाव येत नाही. पण आपल्या महाराष्ट्रातल्या रुग्णाला आपण जे टक्के सांगतो ते बॉस्टनच्या किंवा मेयोच्या रुग्णांचे असून चालणार नाही.

तेव्हा उद्यापासून डिस्चार्ज कार्ड लिहाल तेव्हा एवढं करा. रुग्णाच्या मुलाचा मोबाइल नंबर बदलतो, म्हणून गावातल्या दुसऱ्या कुणाचा तरी एक नंबर घ्या. आशाताईचं नाव लिहा. गोळ्यांच्या सूचना मराठीत लिहा. प्रत्यारोपण असेल तर दात्याचं स्वतंत्र कार्ड करा. पुढच्या वर्षीची तारीख घाला, आणि त्या दिवशी फोन करायचं काम इंटर्नवर सोपवू नका. ज्यानं ऑपरेशन केलं त्यानंच फोन करावा, आणि पलीकडून जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहून ठेवावं.