यादीत नसलेला बेड



1992 साली पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक सभासद चालत्या गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांत त्याला नेलं. कुठे सोय नव्हती, कुठे बेड नव्हता. शेवटी खासगी रुग्णालय गाठावं लागलं. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 साली निकाल लागला: सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सरकारची सबब चालणार नाही.

त्याच निकालात एक सूचना होती. कुठे बेड रिकामा आहे हे लगेच कळावं म्हणून मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यातला कुणीही म्हणेल, हे काम काही आठवड्यांचं. मग एवढ्या वर्षांत अडलं कुठे?

दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री मामूंच्या छातीत दुखू लागलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सांगितलं, "आयसीयूत बेड नाही, दुसरीकडे न्या." आमच्या एका ओळखीच्या माणसाने आत कुणाला तरी फोन केला. दहा मिनिटांत बेड निघाला. मामू वाचले. पण तो बेड आधी कुठल्या यादीत होता?

यादी बनवणं सोपं असतं, ती खरी ठेवणं अवघड. बेड म्हणजे नुसती खाट नव्हे. सोबत नर्स, डॉक्टर, ऑक्सिजन लागतो. रात्री दोन वाजता एकटीने वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरने 'रिकामा' असं लिहिलं, तर पेशंट वाढतो, हात वाढत नाहीत. खासगी रुग्णालयाला उद्याच्या ठरलेल्या ऑपरेशनसाठी बेड राखायचा असतो. खरं सांगण्यात ज्याचा तोटा, त्याच्याच हाती यादी आहे.

कोविडमध्ये मुंबईत थोडं वेगळं घडलं. 2020 साली राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतले 80 टक्के बेड नियंत्रणाखाली घेतले. महापालिकेने 24 वॉर्डांत वॉर रूम उघडल्या. तिथे बसलेली माणसं नुसती माहिती देत नव्हती, बेड ठरवून देत होती. त्रुटी तिथेही होत्या, पण यादीमागे अधिकार होता.

अधिकारानंतर प्रश्न येतो पैशाचा. 2023 साली राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला: आगाऊ पैसे न मागता तातडीचे उपचार द्यायचे, रुग्णाला जमलं नाही तर सरकार भरपाई देईल. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. सरकार पैसे कधी देणार, किती देणार, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल खोटा नाही. त्याचं उत्तर आधी दिल्याशिवाय कायदा कॅज्युअल्टीच्या दारातच अडतो.

आता आपल्याबद्दल. मोहल्ल्यात आपण काय करतो? रुग्णवाहिका चालवतो, रक्त देतो, रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवून डिपॉझिट जमा करतो. जकातीतूनही मदत होते. हे चालूच राहावं. पण त्या पैशाने एक माणूस आत जातो. दार पुढच्या माणसासाठी तसंच बंद राहतं. ज्याच्या ओळखीत फोन करणारा कुणी नाही, त्याचं काय?

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. 2021 पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आपल्या भागातली किती रुग्णालयं धर्मादाय आहेत, हे या सभागृहात किती जणांना सांगता येईल?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. 'बेड नाही' असं उत्तर मिळालं की तारीख, वेळ, विभाग आणि सांगितलेलं कारण लिहून ठेवा. रुग्ण सुखरूप झाल्यावर, घरच्यांच्या संमतीने, ती नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्या. नोंद मोहल्ल्यातल्या कुणाचीही असो, धर्म विचारू नका. सिस्टरशी भांडू नका, तिच्याकडे अधिकार नाही. एक तक्रार फाईलमध्ये पडून राहते. एकाच दाराच्या पन्नास नोंदी समोर ठेवल्या, तर उत्तर द्यावं लागतं.

हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे फोटो निघत नाहीत. पुढच्या रविवारी आपण आपल्या वॉर्डातल्या धर्मादाय रुग्णालयांची यादी करायला बसू. चार माणसं आली तरी पुरे.