पांढरी पाचच्या किंचित वर



दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. दिवसा बाजार, रात्री नाटक नाहीतर ऑर्केस्ट्रा. खालच्या सुरांचं काम आपल्याकडे बहुधा कीबोर्डवाल्याचा डावा हातच उरकतो. पण इथल्या गोरेगावात आणि आसपास काही पोरं खराखुरा बास गिटार गळ्यात अडकवून उभी राहतात, आणि माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली की त्यांची तक्रार एकच : "काका, वाजवायच्या आधीच घुंऽऽ करतो." हातात तांब्याच्या टेपचं रीळ असतं, घरपोच मागवलेलं. तेवढी टेप लावून द्या, एवढंच म्हणणं. मला आज सांगायचंय ते हे की टेप ही शेवटची पायरी आहे, आणि पुष्कळदा तिथवर जावंच लागत नाही.

आधी आवाज ओळखू. हा बास मी अँपला जोडला. ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची. बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सुमारे ४१ हर्ट्झ, आणि तिच्याच तिसऱ्या पडद्यावर ४९. पेटीवरच्या पांढरी पाचच्या बरोबर दोन सप्तकं खाली. विजेचा सूर, म्हणजे हा घुं, ज्याला हम म्हणतात, त्याच्या किंचित वर लागतो. धड पांढरी पाच नाही, काळी चार तर नाहीच. आता मी तिसऱ्या पडद्यावरचा सूर धरून ठेवतो. सेकंदाला एक असा हेलकावा येतोय, लक्ष द्या. ४९ आणि ५० मधला फरक तुम्ही कानांनी मोजताय. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये पडतो. तिकडचेही बेसूरच.

गिटारवाला मिक्सरवर खालची पट्टी कापून मोकळा होतो, कारण त्याची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास. बासवाल्याने तेच केलं तर बासच कापला जाईल. म्हणून इथे आवाज मुळाशी जाऊनच काढावा लागतो.

मूळ कुठे? पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उपजते. पण क्षेत्र तारेनं हललं की मंडपातल्या ट्रान्सफॉर्मरनं, हे त्या वेढ्यांना कळत नाही. यावर सेथ लव्हर या गिब्सन कंपनीतल्या माणसानं तोड काढली, पेटंटचा अर्ज १९५५ चा : दोन कॉइल उलट गुंडाळायच्या, चुंबकही उलटे ठेवायचे. तारेचा आवाज बेरजेत येतो, हम वजाबाकीत जातो. फेंडरच्या प्रिसिजन बासमध्ये १९५७ पासून पिकअपचे दोन तुकडे दिसतात ते याचसाठी. १९६० च्या जॅझ बासमध्ये दोन वेगळे पिकअप एकमेकांच्या उलट आहेत. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले तर तो शांत. एक जरी कमी केला तरी घुं सुरू. तो बिघाड नव्हे, त्याची रचनाच तशी. असा चांगला बास खोलून पैसे घेणारे कारागीर आहेत, तेवढे सांभाळा.

आता तपासणी. बासचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी आवाज येतोय? मग बासच्या पोटात काही शोधू नका. केबल बदला, अँप बघा, वीज कुठून घेतलीय ते बघा. शून्यावर आवाज गेला तर पुढे जाऊ. व्हॉल्यूम उघडा आणि जागेवरच स्वतःभोवती हळूहळू फिरा. एका दिशेला आवाज वाढतो, दुसऱ्या दिशेला जवळजवळ मावळतो? तो चुंबकीय हम, आणि त्याला टेपचा काडीचाही उपयोग नाही. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला नीट अडवायचं तर तांबं सुमारे ९ मिलिमीटर जाड लागतं; तुमची टेप कागदाएवढी. अँपपासून आणि लाइटच्या डिमरपासून दोन पावलं दूर सरका, तेवढ्यानं जे होईल ते टेपनं होणार नाही.

तिसरी तपासणी मला सर्वांत आवडते. हात तारांवरून उचला : चरचर. हात ठेवा : गप्प. मंडपातल्या वायरिंगचं विद्युत क्षेत्र आपल्या अंगावर येतं, आणि आपलं अंग पिकअपच्या अगदी जवळ असतं. तारांना हात लागला की अंगावरचं ते सगळं ब्रिजखालच्या वायरमधून अर्थला जातं. म्हणजे वायर शाबूत आहे, आच्छादन मात्र कमी पडतंय. इथे टेपचं काम खरं. हात ठेवूनही फरक पडत नसेल तर मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावा. बीप वाजली नाही तर ब्रिजखालची वायर सुटलीय. सोल्डरचा एक डाग द्या, काम संपलं.

टेप लावायचीच तर बासच्या पोटातल्या खाचेचा तळ आणि भिंती सगळ्या मढवा. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे डाग द्या, कारण टेपखालचा डिंक वीज नेतोच असं नाही. सगळं मिळून एका वायरनं अर्थला जोडा. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या कागदानंही भागतं, फक्त त्यावर साधा डाग धरत नाही. स्क्रू आणि वायसरखाली वायर दाबावी लागते. आणि जॅकपाशी थांबा. हे बघा, प्लग आत सारला की जॅकची ही पितळी पट्टी बाहेर झुकते. मोकळी असताना ती टेपपासून लांब दिसते, प्लग घातल्यावर टेपला टेकते, आणि बास ठार मुका. टेबलावर सगळं ठीक, स्टेजवर आवाज नाही, ही तक्रार इथून येते. तेवढ्या भागावर इन्सुलेशन टेप लावा.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते बोलतो. तारा अर्थला जोडलेल्या म्हणजे केबलमधून अँपच्या पत्र्याला जोडलेल्या. पत्रा तुमच्या थ्री-पिनच्या मोठ्या पिनला. अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असले की हम येतो, मग कुणी शहाणा ती मोठी पिन मोडून टाकतो. हम जातो खरा. पण अँपमध्ये गळती झाली की वाजवणाऱ्याची बोटं फेजवर आणि ओठ माईकवर. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्झी शहरात लेस हार्वे हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माईकला हात लागून स्टेजवरच गेला. आपल्याकडे तर न्यूट्रल मिळाला नाही की जमिनीत सळई ठोकून तिचाच न्यूट्रल करतात. त्याच सळईवर अँपचा अर्थ घेतला तर पत्राच जिवंत होतो.

हम तोडायचा तर बास आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडतात त्या डी. आय. बॉक्सवर ग्राउंड लिफ्टची कळ असते. ती सिग्नलचा अर्थ तोडते, विजेचा नाही. तीच वापरा, आणि अँप, कीबोर्ड, मिक्सर सगळे एकाच बोर्डावरून चालवा.

मंडई समित्यांची मंडळी इथे बसली आहेत, त्यांना विनंती. मंडपवाल्याशी व्यवहार ठरवताना खुर्च्या आणि पडद्यांबरोबर अर्थिंगही लिहून घ्या : जाणत्या वायरमनकडून वेगळी सळई, स्टेजपर्यंत तीन वायरींची लाइन, आणि बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. जनरेटर असेल तर त्याचा अर्थही त्याच वायरमनकडून तपासून घ्या. आणि पोरांनो, टेपचं रीळ घेऊन दुकानात याल तेव्हा अँपची पॉवर कॉर्डही बरोबर आणा. मी आधी तिची पिन बघणार आहे.